'आधी सगळे उच्चार पाठ करून घ्या' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. 'जगणं' आणि 'जन्म' या अर्थांच्या पाच रेघांच्या 生 या कांजीवर (कांजी म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं) मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी इथे उतरवते: "पोरखेळ चाललाय. कांजी शिकवायची तर आधी तिचे सगळे उच्चार पाठ करून घ्या, शब्दांचे लाड नंतर. रेघांचा क्रम आता मोबाइलच्या जमान्यात कोणाला लागतो? आणि चित्र इतकं बारीक की डोळे फुटतात."

चित्राचं म्हणणं रास्त आहे. मोठं करून पुन्हा टाकलंय.

पण 'पोरखेळ'? मतभेद असू शकतो, तो मांडायची एक रीत असते. या ब्लॉगवर नोकरी सांभाळून, रात्री जेवणं आटोपल्यावर जपानी शिकणारी माणसं येतात. त्यांच्या मेहनतीला तुम्ही एका शब्दात पोरखेळ ठरवलंत, हे मला लागलं. माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, त्यांना मध्ये ओढू नका.

आता 'सगळे उच्चार आधी'. जपान सरकारच्या २०१० च्या जोयो, म्हणजे नेहमीच्या वापरातल्या कांजींच्या यादीत २१३६ कांजी आहेत आणि त्यात सर्वांत जास्त उच्चार असलेल्या कांजींपैकी ही एक आहे: दोन ऑन (चिनीवरून आलेले), दहा कुन (मूळ जपानी), एकूण बारा. तुमच्या पद्धतीने विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी सेइ, शो, इ, उ, ओ, हा, कि, नामा अशी माळ जपायची. मी स्वतः ती जपलेली आहे. माझ्या पहिल्या वर्गात पाढ्यांसारखे उच्चार म्हणून घेत, आणि मी ते धडाधड म्हणायचे. पुढे जपानमध्ये एका साध्या खानावळीत भिंतीवर हीच कांजी एकटी लिहिलेली दिसली आणि बाराही उच्चार येत असून मला ती वाचता आली नाही. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ आत येता येताच "तोरिआएझु नामा" म्हणाले आणि त्यांच्यापुढे बिअरचा ग्लास आला. तिथे ती कांजी म्हणजे 'नामाबीरु', ड्राफ्ट बिअर. हे पाठांतरातून कळत नाही, शब्दातून कळतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे आणि गेली कित्येक वर्षं पुण्यात शिकवताना ते बदलावं असं काही घडलेलं नाही.

उच्चार हवेत तरंगत नसतात. कांजीच्या मागे 'किरु' असेल तर इकिरु, जगणं. 'मारेरु' असेल तर उमारेरु, जन्मणं. 'एरु' असेल तर हाएरु: बाळाला दात येतो, कुंपणाशी गवत उगवतं, तिथे हे क्रियापद. ही शेपटी हिरागाना या जपानी अक्षरमालेत लिहिलेली असते, तिला ओकुरिगाना म्हणतात, आणि उच्चार ओळखायची खूण तीच. शब्द बाजूला ठेवून ही खूण तुम्ही कशी दाखवणार?

गाकुसेइ (विद्यार्थी), सेन्सेइ (शिक्षक), सेइकात्सु (राहणीमान, रोजचं जगणं) या रोजच्या शब्दांत 'सेइ' आहे. वाढदिवसाच्या 'तान्जोबी'त आणि आयुष्यभर या अर्थाच्या 'इश्शो'त 'शो' आहे, तान्जोबीत तो 'जो' होतो एवढंच. 'शो' हा चीनमधून आधी आलेला गो-ऑन, 'सेइ' नंतर चीनच्या थांग राजवटीच्या काळात आलेला कान-ऑन. हा इतिहास मी सांगते, पण चार-चार शब्द हाताखालून गेल्यावर. तेव्हाच तो डोक्यात बसतो.

आणि तुमचे बारा तरी पुरतात का? हिरवळीला जपानीत 'शिबाफु' म्हणतात. त्यात दुसरी कांजी हीच, आणि तिथे ती 'फु' वाचायची. या बारांत 'फु' नाही. तो अख्खा शब्दच शिकावा लागतो. सोया सॉसच्या बाटलीवरही हीच कांजी असते: 'किजोयु' वाचलं तर दुसरं काही न मिसळलेला, 'नामाशोयु' वाचलं तर न तापवलेला. लिहायला दोन्ही सारखेच. एवढ्यावरही तुम्हाला शब्द म्हणजे लाड वाटत असतील, तर तुम्ही लेख वाचलात की नुसतं शीर्षक, असा प्रश्न मला पडतो.

रेघांच्या क्रमावर वाद घालत नाही. ज्यांना फक्त टाइप करायचंय त्यांनी खुशाल सोडून द्यावा. माझ्या वर्गात तो शिकवला जातो आणि जाईल.

पुढचा लेख 'वर' आणि 'खाली' या दोन कांजींवर येतोय. त्यातही आधी शब्द असतील, उच्चार त्यांच्या मागून येतील. सगळ्या उच्चारांचा तक्ता हवा असेल तर कुठल्याही कांजीकोशात तो मिळेल. पुन्हा लिहिलंत तर उत्तर देईनच, फक्त शिकणाऱ्यांना उद्देशून तसे शब्द वापरलेत तर ती प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.