कुंद्याच्या डब्यातलं विरजण

डॉक्टरांनी ‘जरा ताण कमी करा’ म्हणून सांगितलं आणि त्याच आठवड्यात लेकीनं वाढदिवसाला मासे मागितले. दोन्ही कामं एका काचेच्या पेटीत उरकतील, असा मी हिशोब केला. दोन फुटी टँक, पन्नासेक लिटर पाणी, एक फिल्टर, तळाला निळे खडे (रंग लेकीनं निवडला, मी फक्त पैसे दिले) आणि चार गोल्डफिश घेऊन बेळगावातल्या अनगोळला घरी आलो. पाणी आधी थोडे दिवस मुरवायला लागतं काय, असं दुकानदाराला विचारलं होतं. ‘काय होत नाही ओ सर, आजच सोडा की!’

नळाला पाणी यायचं होतं, म्हणून टँक बोअरच्या पाण्यानं भरला. पहिले दोन दिवस सगळं घर टीव्ही सोडून टँकपुढं बसलं. तिसऱ्या दिवशी पाण्यावर ताकाच्या निवळीसारखी झाक आली आणि चारही मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले.

‘बघ, बोलवालेत,’ आई म्हणाली. ‘भूक लागलीया मुक्या जिवांना.’ आणि तिनं चिमूटभर दाणे टाकले. तोंडं काही मिटेनात, म्हणून मूठभर टाकले. दुपारी वर चिरमुरेही पडले. मासे बिचारे जीव गुदमरतोय म्हणून सांगत होते आणि आई आग्रहानं वाढत होती. आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीत ज्यानं शेवटच्या रांगेत जेवण केलंय, त्याला ही अवस्था ठाऊक आहे.

पाचव्या दिवशी दोन मासे गेले. परसातल्या कढीपत्त्याखाली खड्डा काढला. शेजारच्या अक्कांनी भिंतीवरून ‘येनायतु री?’ म्हणून विचारलं. मी माती सारत ‘काही नाही अक्का, खत घालालोय’ म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

मग रात्र जागून अभ्यास केला. मासा अमोनिया सोडतो, तोही मुख्यतः कल्ल्यांतून, म्हणजे श्वास घेता घेता. उरलेलं खाणं कुजून त्यात आपली भर घालतं. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती असते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे नायट्रेट त्यामानानं गरीब स्वभावाचं. पण ही वस्ती आपोआप बसायला चार ते सहा आठवडे लागतात. थोडक्यात, गटार काढायच्या आधीच मी वास्तुशांत उरकून पाहुणे मुक्कामाला बोलावले होते. आणि पाहुणे कोण, तर गोल्डफिश. खाण्यात आणि घाण करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

तपासणीचा संच मागवला. लेक केमिस्ट झाली. नळीत पाच मिली पाणी, दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर बरं, हिरवं होत गेलं तर वाईट. आमचं पाणी कैरीच्या सालीसारखं हिरवं झालं. तक्त्याशी ताडून पाहिलं तर अमोनिया 2 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन. आणि बोअरच्या कृपेनं पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) 8.2.

या पीएचमध्ये खरी मेख आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांनी राहतो. पीएच कमी असला की त्यातला बहुतेक सगळा अमोनियम होऊन गप्प बसतो. पीएच चढला की तोच विषारी होतो. पीएच 7 वरून 8 वर गेला तर विषारी भाग जवळजवळ दहापट. पदार्थ तोच, पण नाव आणि वागणं रेषेच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर. पुण्याच्या माणसाला हे वही-पेन घेऊन समजावायला लागेल, बेळगाववाल्याला काय सांगायचं? आमच्या गावाचं नाव कागदावर 2014 साली बेळगावी झालं, तोंडात बेळगावच राहिलं. कुणासमोर काय म्हणायचं, ते आम्ही समोरच्याचा पीएच बघूनच ठरवतो.

तातडीचा उपाय एकच होता. खाणं बंद करायचं आणि रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांनाही मारतं, जिवाणूंनाही. म्हणून पाणी उघडं ठेवून मग वापरायचं. इथं मात्र आम्ही जगाच्या पुढं होतो. राकसकोप धरणाचं पाणी आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी येतं आणि तोवर परसातल्या बॅरलमध्ये बसून असतं. क्लोरीन केव्हाच उडालेलं. नळ रोज न येण्याचा मला सापडलेला हा एकमेव फायदा मी बायकोला उत्साहानं सांगितला. ती म्हणाली, ‘माशांची आंघोळ झाली असंल तर माणसांना एक बादली सोडा.’

शेवटी शहापूरच्या मित्रानं मार्ग काढला. ‘खुळ्या, दुधाचं दही आपोआप होतंय काय? विरजण लाव की!’ त्याच्या दोन वर्षं जुन्या टँकमधल्या स्पंजाचा एक तुकडा त्यानं कापला आणि टँकच्याच पाण्यात बुडवून कुंद्याच्या (आमच्या बेळगावची दुधाची मिठाई) प्लास्टिकच्या डब्यात घालून दिला. काळपट तपकिरी, रवाळ, ओलसर. खोटं कशाला बोलू, झाकणातून अगदी कुंदाच दिसत होता. गोवावेसला मावसभाऊ भेटला. ‘एकटाच खाणार काय रे? चव तरी दाखव.’ मी म्हणालो, ‘मेलेल्या माशांसाठी आणलाय.’ त्यानं माझ्याकडं, मग डब्याकडं बघितलं आणि ‘वहिनीला सांग, विचारलंय म्हणून’ एवढंच म्हणून निघून गेला.

घरी डबा ओट्यावर ठेवला आणि हातपाय धुवायला गेलो. तेवढ्यात बायकोनं कौतुकानं झाकण उघडलं. तिच्या ओरडण्याचं वर्णन करत नाही. मी तिला जिवाणू समजावत होतो, त्या दहा मिनिटांत स्पंज ओट्यावरून नाहीसा झाला. शोधत परसात गेलो, तर वाळत घातलेल्या कपड्यांच्या रांगेत चिमटा लावून लटकत होता. पांढरास्वच्छ.

‘केवढा घाण होता रे,’ आई म्हणाली. ‘दोनदा साबण लावला तेव्हा निघाला.’

दोन वर्षांची वसाहत भांड्याच्या साबणानं गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शहापूर. या वेळी मित्रानं तुकडा स्टीलच्या डब्यात दिला आणि वर कागद चिकटवला : ‘धुऊ नये’. आईला अपमान वाटला, पण तिनं हात लावला नाही.

आठ-दहा दिवसांत हिरवा उतरायला लागला. अमोनिया खाली आला तसं नायट्राइट वर चढलं. तेही विषच, माशाच्या रक्तातला प्राणवायूच अडवतं. पाण्यात थोडं मीठ घातलं, पाणी बदलत राहिलो. पुढं एका रविवारी नळीतलं पाणी पिवळं ते पिवळंच राहिलं. लेकीनं आरोळी ठोकली. आईनं नळी उजेडात धरून बघितली आणि ‘कावीळ झाल्यासारखं दिसतंय’ म्हणाली.

आता दर रविवारी पंधरा लिटर पाणी काढतो आणि स्पंज त्याच पाण्यात नुसता हलवून घेतो. नायट्रेटचं ते पाणी कढीपत्त्याला जातं. झाड असं फोफावलंय की अक्का भिंतीपाशी बादली घेऊन उभ्या असतात. त्यांच्या झाडालाही पाहिजे. परवा त्यांनी पाण्याच्या बदल्यात भिंतीवरून एक डबा दिला. घरी केलेला कुंदा आहे म्हणाल्या.

डबा दोन दिवस झाले ओट्यावर आहे. झाकण उघडायला घरात कुणी तयार नाही.