'अमेरिकेत शेत पडीक ठेवायचे पैसे मिळतात': अर्धं खरं, बाकी वाढवलेलं

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज अधूनमधून फिरतो: 'अमेरिकेत शेतकरी काही न करता जमीन पडीक ठेवतो, सरकार पैसे देतं. कुणालाही मिळतात, मर्यादा नाही, सगळं भाव चढे ठेवायला.' योजना खरी आहे. कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, म्हणजे सीआरपी, ही जमीन संवर्धनाची योजना 1985 च्या शेती कायद्यातून आली. जमीन पिकाखालून काढल्याबद्दल सरकार मालकाला दरवर्षी भाडं देतं. मेसेजमधलं बाकीचं तपासू.

'काही न करता.' हे सर्वांत चुकीचं. 10 ते 15 वर्षांचा करार होतो आणि त्या काळात ठरलेलं गवत किंवा झाडं लावून टिकवावी लागतात. लागवडीचा साधारण निम्मा खर्च सरकार देतं, उरलेला मालकाचा. बिग ब्लूस्टेमसारख्या देशी गवताचं बी लवदार आणि हलकं. गव्हाच्या पेरणीयंत्रात ते नळीत अडकून बसतं, म्हणून पेटीत ढवळणी असलेलं वेगळं यंत्र लागतं. बी पाव ते अर्धा इंचच खोल पडलं पाहिजे. त्यासाठी रान इतकं दाबून घ्यायचं की चालताना पाऊल अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतू नये. भुसभुशीत रानात बी खोल जातं आणि उगवतच नाही. आधीच्या मक्याला मारलेल्या तणनाशकाचा अंश मातीत उरला असेल तर रानफुलांची रोपं जातात. पहिल्या वर्षी शेतात बहुतेक तणच दिसतं, कारण ही गवतं आधी मुळं धरतात. तण बी धरण्याआधी उंचावरून छाटायचं, पण पक्ष्यांच्या विणीच्या काळात परवानगीशिवाय यंत्र घालायचं नाही. चराई आणि चारा कापणीही परवानगीनेच.

'कुणालाही.' 2018 च्या कायद्यानुसार पीकजमीन म्हणून अर्ज करायचा तर 2012 ते 2017 या सहापैकी किमान चार वर्षं तिथे पीक घेतलेलं हवं. म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं 'पड' लागलेली जमीन असते, तशी तिथे बादच. सर्वसाधारण फेरीत, म्हणजे सगळ्यांसाठी ठरावीक काळात उघडणाऱ्या स्पर्धेच्या फेरीत, अर्जांना गुण मिळतात: जमिनीची धूप, पाणी, वन्यजीव आणि खर्च. कमी भाडं मागितलं तर गुण वाढतात.

'मर्यादा नाही.' एका व्यक्तीला वर्षाला 50,000 डॉलर ही भाड्याची कमाल. सर्वसाधारण फेरीत भाड्याचा दर त्या काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सरासरी भाड्याच्या 85 टक्क्यांवर अडवलेला. समजा सरासरी एकरी 100 डॉलर, तर 85 मिळतात आणि 588 एकरांच्या आसपास कमाल गाठली जाते. दुसरी मर्यादा काउंटीवर आहे: पीकजमिनीच्या 25 टक्क्यांपर्यंतच जमीन योजनेत, अपवाद मोजके. जास्त जमीन गवताखाली गेली की बी-खताची दुकानं आणि यंत्रदुरुस्तीवाले उपाशी पडतात. टीकाकारांचा हा मुद्दा रास्त आहे. मेसेजमध्ये मात्र तो नाही.

'भाव चढे ठेवायला.' इथे थोडं तथ्य आहे. 1985 साली धान्य तुंबलं होतं आणि पिकाखालची जमीन कमी करणं हा एक उघड हेतू होता. पण धान्य महागलं की प्रवाह उलटा फिरतो. 2007 मध्ये योजनेत सुमारे 3 कोटी 68 लाख एकर होते. पुढे मका तेजीत आला, मुदत संपलेले करार अनेकांनी पुन्हा केले नाहीत, जमिनी नांगरल्या गेल्या.

मुदतीआधी नांगर घातला तर मात्र आजवर मिळालेलं सगळं भाडं, लागवडीचं अनुदान, त्यावर व्याज आणि वर दंड म्हणून एका वर्षाच्या भाड्याचे 25 टक्के भरावे लागतात.