उलटा पिन आणि न येणारे पोलीस

‘एटीएममध्ये चोराने गाठले तर विरोध करू नका. पिन उलटा टाका, म्हणजे १२३४ ऐवजी ४३२१. नोटा अर्ध्या बाहेर येऊन अडकतील आणि पोलिसांना आपोआप खबर जाईल. ही सोय प्रत्येक एटीएममध्ये आहे, पण फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढे पाठवा.’ हा संदेश कित्येक वर्षे घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. अलीकडे त्याला आणखी एक शेपूट जोडले जाते: व्यवहारापूर्वी ‘कॅन्सल’ दोनदा दाबले की पिन चोरीला जात नाही. यातले प्रत्येक विधान वेगवेगळे तपासावे लागते, कारण एका विधानाला सत्याचा थोडासा आधार आहे आणि बाकीची त्याच्याच जिवावर तगून आहेत.

पहिले विधान असे की एटीएम उलटा पिन ओळखते. वास्तविक त्या यंत्राला आपला सुलटा पिनही ठाऊक नसतो. आपण दाबलेले आकडे कीपॅडच्या आतच कूटबद्ध होतात आणि त्याच रूपात पुढे जातात. कार्ड दुसऱ्या बँकेचे असेल तर नॅशनल फायनान्शियल स्विच या बँकांची एटीएम एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्यामार्गे ते कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत पोहोचतात. तिथे एचएसएम नावाच्या बंदिस्त उपकरणात पडताळणी होते आणि एटीएमकडे परत येते ते केवळ मंजुरी किंवा नकार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात चोरांनी नेमकी हीच वाट हेरली होती. बँकेच्या खऱ्या प्रणालीला वळसा घालून त्यांच्या बनावट यंत्रणेने परस्पर मंजुऱ्या दिल्या आणि देशोदेशीच्या एटीएमनी निमूटपणे नोटा दिल्या. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यामार्गे वळवलेली रक्कम धरून बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएम किती हुकमाचे ताबेदार असते, हे त्यावरून कळावे. उलटा पिन पडताळणीत चुकीचा ठरतो, नकार येतो आणि नकार आल्यावर नोट अर्धी काय, पावही बाहेर येत नाही.

पोलिसांना खबर जाण्याचे विधान याहून कच्चे आहे. कार्ड एका बँकेचे, एटीएम दुसऱ्या बँकेचे आणि ते उभे आहे लातूरच्या एखाद्या चौकात, अशी स्थिती समजा. पिन उलटा आहे हे कळलेच तर ते कार्ड देणाऱ्या बँकेच्या सर्व्हरला कळणार. तिथून त्या चौकाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यापर्यंत निरोप नेणारी वाट कुठेच बांधलेली नाही. शिवाय १२२१ किंवा ७७७७ यांसारखे पिन उलटे केले तरी तसेच राहतात. चार आकडी दहा हजार पिनांपैकी असे १०० आहेत, आणि ज्यांनी ते निवडले त्यांनी काय करायचे याविषयी संदेश गप्प आहे.

‘असे तंत्र शोधले गेले आहे’, एवढे मात्र खरे. अमेरिकेतील जोसेफ झिंगर यांना १९९८ मध्ये अशा कल्पनेचे पेटंट मिळाले आणि त्यांनी बँकांकडे बरीच खटपट केली. पण इलिनॉय राज्याच्या २००४ च्या कायद्यानेही ही सोय बँकांवर बंधनकारक केली नाही. पुढे २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्याने फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाला या तंत्राचा अभ्यास करायला सांगितले. आयोगाच्या एप्रिल २०१० च्या अहवालात दोन गोष्टी नोंदल्या गेल्या: हे तंत्र कोणत्याही एटीएमवर बसवलेले आढळले नाही, आणि बसवले तरी गुन्हे रोखण्यास त्याचा विशेष उपयोग होईल असे दिसत नाही, उलट ग्राहकाचा धोका वाढू शकतो. मानेवर सुरा असताना स्वतःचा पिन मनात उलटा करून पाहा, म्हणजे या दुसऱ्या निष्कर्षासाठी आयोगाची गरजही भासणार नाही.

‘कॅन्सल’च्या शेपटाला फार शब्द नकोत. त्या कळीचे काम चालू व्यवहार रद्द करणे हे आहे. स्किमर, म्हणजे कार्डावरची माहिती चोरणारे उपकरण, कार्डाच्या खाचेवर बसवलेले असते आणि चोरटा कॅमेरा बोटांकडे पाहत असतो. या दोहोंना ती कळ दाबल्याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्या हाताने कीपॅड झाकणे हा जुनाच उपाय अधिक कामाचा आहे.

राहिले शेवटचे समर्थन, जे संदेशात लिहिलेले नसते पण तो पाठवणाऱ्याच्या तोंडी हमखास असते: ‘खोटे असले तरी पाठवण्यात नुकसान काय?’ नुकसान असे, की चोर समोर असताना यंत्र ‘चुकीचा पिन’ असे पडद्यावर दाखवते आणि चिडलेल्या माणसाच्या हातात तेव्हा शस्त्र असते. अशा वेळी पैसे देऊन जीव वाचवावा, सुटका होताच ११२ वर फोन करावा आणि कार्ड बंद करून घ्यावे. दुसरे नुकसान मी स्वतः पाहिले आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी हा संदेश इतका मनावर घेतला, की ऐन वेळी गोंधळ नको म्हणून उलटा पिन एका चिठ्ठीवर लिहून, वर ‘उलटा’ असे ठळक अक्षरांत नोंदवून, ती चिठ्ठी पाकिटात कार्डाला रबर लावून ठेवली होती.