नुसती उभीच होती

कोथरूडला घर, शिवाजीनगरला ऑफिस. बसची वाट बघता बघता माणूस चालत नळस्टॉपपर्यंत पोचतो आणि पेट्रोलने शंभरी तर केव्हाच ओलांडली. म्हणून सायकल घ्यायचं ठरवलं. जुनी. बजेट अडीच हजार, कुलूप धरून.

हे घरात बोललो, तिथंच चुकलं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. पुणं हे एके काळी सायकलींचं गाव. सायकलला कर भरल्याचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडायचा, डबलसीट दिसलं तरी सोडायचा. "आणि तुम्हाला गिअर पाहिजेत!" मी गिअरमधला 'ग'सुद्धा काढला नव्हता.

पहिली सायकल एका सोसायटीच्या जिन्याखाली. सीटवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. "मुलासाठी घेतली होती. वापरलीच नाही हो, नुसती उभीच होती." दुसरीच्या हँडलवर पायपुसणी वाळत होती. काकू ती उचलत म्हणाल्या, "नुसती उभीच असते बघा." तिसरी एकवीस गिअरची. त्यातले दोन पडायचे, कुठले ते सायकल ठरवणार. तीही म्हणे उभीच होती. मग सकाळी कर्वे रोडवर माझ्या अंगावर येतात त्या सायकली कुणाच्या?

या तिन्ही ठिकाणी मी वरच्या मजल्यावरच्या काकांना घेऊन गेलो होतो. काका रंगाकडे बघतच नाहीत. उलट रंग ताजा दिसला की नळ्यांच्या जोडावर नख फिरवतात. रंगाखाली वेल्डिंग असतं म्हणे. मग पुढचं चाक उचलून गरकन फिरवायचं आणि ब्रेकच्या रबरांमधून रिम कशी जाते ते एक डोळा मिटून बघायचं. रिम एकदा या रबराला, एकदा त्या रबराला भेटून आली की निकाल : "आऊट आहे." शेवटी पॅडलचा दांडा धरून आडवा हलवायचा. 'खुट्' झालं की काका माझ्याकडे बघतात आणि आम्ही चहा न घेता निघतो.

चौथ्या वेळी काका गावाला गेले होते.

ती काळी, अठ्ठावीस इंची, पूर्ण चेनकव्हरवाली. मागे दूधवाल्याच्या किटल्या पेलेल असं कॅरिअर. चाक मी फिरवलं, डोळाही मिटला. पण दुसऱ्या डोळ्याने काय बघायचं ते ऐन वेळी आठवेना. मालक म्हणाले, "वडिलांची आठवण आहे. नुसती उभीच होती." बावीसशे सांगितले, मी एकोणीसशे म्हटलं, ते लगेच 'घ्या' म्हणाले. वडिलांची आठवण इतकी पटकन तीनशेने उतरते, यात मला काही खटकलं नाही.

सकाळी नदीच्या दिशेने उतार असल्यामुळे ऑफिसला झोकात गेलो. संध्याकाळी तोच रस्ता चढ निघाला आणि दर फेरीला उजव्या पायाखाली 'खट्' वाजायला लागलं. नळस्टॉपपासून आम्ही दोघं चालत आलो.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने तिला नुसतं हलवलं आणि म्हणाला, "ओव्हरऑइलिंग करावं लागेल." शब्द ओव्हरहॉलिंग आहे, असं मी सांगून बघितलं. "तेच ते," म्हणत त्याने तेलाची बुधली उचलली. पॅडलचे दांडे धरून ठेवणाऱ्या दोन्ही कॉटर पिना बदलल्या. हबमधले छर्रे गोल राहिलेच नव्हते. मागची ट्यूब बादलीत घातली तर पाणी उकळतंय असं वाटलं. ब्रेकचे रबर, टायर, चेन, सगळं मिळून चौदाशे. बजेटमधलं कुलूप गेलं, वर आठशे खिशातून गेले.

"स्टँडही बघा जरा," मी म्हटलं. बाकी सगळं गेलं, तर इतकी वर्षं हिचा भार ज्याने सोसला ते तरी कसं धड असेल?

तो खाली वाकला, फडक्याने पुसलं, पायाने दोनदा खालीवर केलं.

"याला काय झालंय? नवंकोरं आहे. रंगसुद्धा उडाला नाही," तो म्हणाला. "साहेब, ही उभी राहिलीये कधी!"