‘नुसतं विचारून काय होतं?’ : एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर येऊन पडला. टँकरचा हिशोब आणि कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीची चौकशी यांच्या बरोबर मधे. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, रात्री पर्वती चढणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर. म्हणजे बराच फिरलाय. सोबत चाळीसेक सेकंदांची क्लिप: विरोधी बाकांवरचा एक खासदार तावातावाने काही विचारतोय, मंत्री हातातल्या कागदांवरून वाचून दाखवतायत, क्लिप खलास.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. संसदेतला प्रश्नोत्तराचा तास म्हणजे नाटक. मंत्री बाबूंनी लिहून दिलेलं वाचतात, त्यातून निष्पन्न काही होत नाही. विरोधक क्लिप काढायला उठतात. मिनिटाला अडीच लाख रुपये जळतात. पूर्वीचे नेते असले उद्योग करत नसत. तेव्हा सरकारला पाच वर्षं काम करू द्या, हिशोब मतदानाला मागा.

पहिल्याच मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण त्यातला ‘बाबू’ मी आहे. केंद्र सरकारच्या पुण्यातल्या एका कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली.

मंत्री लिहून दिलेलं वाचतात? वाचतात की. पण ते लिहिलं कसं जातं? दिल्लीहून पूर्वी फॅक्स यायचा, पुढे ईमेल. बहुतेक शुक्रवारी, चहाची वेळ टळून गेल्यावर. ‘पीक्यू आलाय’, एवढे दोन शब्द कॉरिडॉरमधून गेले की निघालेली माणसं पिशवी पुन्हा टेबलावर ठेवायची. पीक्यू म्हणजे पार्लमेंट क्वेश्चन. उत्तर उद्या दुपारपर्यंत हवं, आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असं कळवायचं तर त्याखाली सही साहेबांची.

एकदा प्रश्न आला तो फॅमिली पेन्शनच्या रखडलेल्या प्रकरणांबद्दल. एका वर्षाहून जुनी किती, आणि का रखडली? आमच्याकडे किती आहेत हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तोवर कुणी मोजलीच नव्हती. शनिवार-रविवार कपाटं उघडून गठ्ठे मोजले. आकडा ऐकल्यावर साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत राहिले. तो आकडा तर दिल्लीला गेलाच. पण ‘पूरक प्रश्न, म्हणजे मूळ उत्तरावर सभागृहात तिथल्या तिथे विचारलेला उपप्रश्न, आला तर आजची स्थिती सांगता आली पाहिजे’ म्हणून पुढचे दहा दिवस आम्ही आयुष्यात केलं नसेल एवढं काम केलं. ज्या बायका तीन-तीन वर्षं आमच्या काउंटरवर ‘पुढच्या महिन्यात या’ ऐकत होत्या, त्यांच्या ऑर्डरी त्या दहा दिवसांत निघाल्या. आम्हाला पाझर फुटला वगैरे काही नाही, आकडा कमी दिसायला हवा होता. सभागृहात त्या प्रश्नाचा क्रमांक आलाच नाही, नुसतं लेखी उत्तर पटलावर, म्हणजे सभागृहाच्या नोंदीत, गेलं. क्लिप निघाली असती तर काही न घडल्याचीच निघाली असती.

लोकसभेत एका दिवशी 20 तारांकित प्रश्न असतात, म्हणजे तोंडी उत्तराचे. तासाभरात त्यातले पाच-सहा झाले तरी पुष्कळ. उरलेल्यांची उत्तरं लेखी मिळतात. शिवाय दिवसाला 230 पर्यंत अतारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरं लेखीच. राज्यसभेत हेच आकडे 15 आणि 160. तेव्हा टीव्हीवर दिसतो तो एकूण कारभाराचा अगदी छोटा तुकडा.

तारांकित प्रश्नाचं मूळ उत्तरसुद्धा मंत्री बहुधा पटलावर ठेवून मोकळे होतात. खरी कसोटी लागते पूरक प्रश्नांना, कारण त्यांची आगाऊ सूचना नसते. एकेका प्रश्नामागे असले पंधरा-वीस पूरक प्रश्न आम्ही मनानेच रचायचो आणि त्यांची उत्तरं मंत्र्यांच्या फाइलला लावून द्यायचो. क्लिपमध्ये मंत्री पानं उलटताना दिसतात ती हीच. अभ्यास करून आलेला खासदार सोळावा प्रश्न विचारतो, अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी जाते, आणि मंत्री म्हणतात, ‘माहिती घेऊन सभागृहासमोर ठेवू.’

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे वाक्य पळवाट वाटत असणार. पण लोकसभेत 1953 पासून शासकीय आश्वासन समिती आहे. मंत्र्याच्या तोंडून असं वाक्य निघालं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करणं अपेक्षित असतं. कित्येक आश्वासनं वर्षानुवर्षं मुदतवाढ मागत लोंबकळतात, तो वाढवून मागण्याचा मसुदा मीही लिहिलाय. तरी नोंद पुसली जात नाही. आणि सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली तर हक्कभंगाचा प्रस्ताव येऊ शकतो. पत्रकार परिषदेतल्या उत्तराला असली कुठलीच शेपटी नसते.

बरं, उत्तर टाळाटाळीचं असलं तर? तरीही कामाला येतं, कधीकधी जास्तच. एप्रिल 2021 मध्ये पुण्यात ऑक्सिजनचा बेड शोधत कोण कुठे कुठे फिरलं, हे मी पुणेकरांना सांगायला नको. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत के. सी. वेणुगोपाल यांच्या प्रश्नाला आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी लेखी उत्तर दिलं: ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. तांत्रिकदृष्ट्या चोख उत्तर. आमच्या भाषेत ‘प्रश्न उद्भवत नाही’ घराण्यातलं. पण ते छापून आल्यावर देशभर गदारोळ उठला आणि केंद्राला राज्यांकडे या मृत्यूंची माहिती मागवावी लागली. प्रश्नच नसता तर ते वाक्य कुणाच्या नावावर लागलं असतं?

आपल्या अंगणातलं उदाहरण पुणे-नाशिक रेल्वेचं. वर्षानुवर्षं ‘होणार, होणार’. मग खोडदच्या जीएमआरटीचा, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांच्या त्या रेडिओ दुर्बिणीचा अडथळा असल्याचं खुद्द रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. हे उत्तर जुन्नर-आंबेगावकडच्या मंडळींना कडूच लागलं. पण भांडायचं कशाशी, हे त्यामुळे कळलं.

‘विरोधक क्लिपसाठी उठतात.’ उठतात काही जण, सत्ताधारी बाकांवरचेही उठतात. आपल्याच सरकारच्या योजनेबद्दल ‘मंत्रिमहोदय, या अभूतपूर्व यशाचं रहस्य काय?’ या चालीवर विचारणाऱ्यांच्या क्लिपा मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. याहून वाईट गोष्टीही घडल्यात. 2005 च्या डिसेंबरात प्रश्न विचारायला पैसे घेतल्याबद्दल 11 खासदारांना घरी जावं लागलं. 30 नोव्हेंबर 2009 ला तर ज्यांचे प्रश्न यादीत होते ते खासदारच गैरहजर, त्यामुळे लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास मधेच आटोपला. यावर पांघरूण घालायची मला गरज वाटत नाही. पण प्रश्नासाठी कुणी पैसे मोजत असेल, तर प्रश्नाला काही किंमत आहे हे मजकूर लिहिणाऱ्याने निदान मान्य करावं.

अडीच लाखांचा मुद्दा दोन ओळींत उरकतो. हा आकडा दशकाहून जास्त काळ फिरतोय. तो खरा धरला, तरी दिवे, पंखे, पगार हा खर्च कुणी प्रश्न विचारला म्हणून वाढत नाही. पैसा वाया जातो तो गोंधळात, आणि गोंधळाचा मक्ता कुणा एका पक्षाकडे नाही. 2010 चं अख्खं हिवाळी अधिवेशन टू-जी स्पेक्ट्रम घोटाळ्यावरून वाहून गेलं, तेव्हा विरोधात कोण होतं ते आठवून पाहा.

आता ‘पूर्वीचे नेते’. हे वाक्य पुण्यात फॉरवर्ड करायला धाडस लागतं. गोपाळ कृष्ण गोखले काय करत होते? 1892 च्या कायद्याने इंग्रज सरकारच्या कायदे कौन्सिलात प्रश्न विचारता येऊ लागले, पण पूरक प्रश्नाला मुभा नव्हती. ती 1909 मध्ये मिळाली, तीही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला. अशा सभागृहात, जिथे बहुमत सरकारचंच, गोखले 1902 मध्ये अंदाजपत्रकावर उठले आणि विचारते झाले, की दुष्काळाने माणसं मरताना तिजोरीत शिल्लक कसली साजरी करता? मिठावरच्या कराचा मुद्दा त्यांनी लावून धरला. 1903 मध्ये तो कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. गोखल्यांकडे ना मत होतं मोजण्याएवढं, ना क्लिप.

याच शहरात जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले मधु लिमये बिहारमधून निवडून जायचे आणि नियमांच्या पुस्तकावर बोट ठेवून मंत्र्यांना उभं करायचे. पुण्याने 1957 मध्ये नानासाहेब गोरे पाठवले, 1967 मध्ये एस. एम. जोशी, दोघेही विरोधी बाकांवर बसायला. 1963 मध्ये लोहियांनी सरळ विचारलं, की गरिबाचं रोजचं उत्पन्न किती? ते म्हणाले तीन आणे, नेहरू म्हणाले पंधरा आणे. भांडण झालं, पण आकड्यांवर झालं. आणि मुंदडा प्रकरण? आयुर्विमा महामंडळाचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत कसे गेले, हे 1957 मध्ये लावून धरलं फिरोज गांधींनी. पक्ष सत्ताधारी, सासरे पंतप्रधान. छागला आयोग बसला आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. पूर्वीचे नेते असे होते.

राहिला शेवटचा सल्ला, हिशोब पाच वर्षांनी मागा. राज्यघटनेचा अनुच्छेद 75 सांगतो, की मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. ‘निवडणुकीच्या वर्षी’ असं त्यात म्हटलेलं नाही. पण तेही सोडा, पुणेकरांचाच अनुभव पाहा. 29 मार्च 2023 ला पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले. पोटनिवडणूक झाली नाही. डिसेंबरात उच्च न्यायालयाने ‘पोटनिवडणूक घ्या’ म्हटलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. जून 2024 पर्यंत या शहराचा लोकसभेत माणूसच नव्हता. चौदा महिने पुण्याच्या नावाने प्रश्न घालायचा तर दुसऱ्या मतदारसंघातल्या कुणाला तरी गळ घालावी लागे.

आणि आता? पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यात त्यांचा दोष नाही, पद्धतच तशी आहे. त्यामुळे कोथरूड, कसबा, पर्वती इथल्या माणसाला लोकसभेत काही विचारून घ्यायचं असेल तर दुसरा खासदार गाठावा लागतो. सिंहगड रस्ता, धायरीकडचे खडकवासल्यातून बारामती मतदारसंघात येतात, त्यांना सुप्रिया सुळे आहेत. हडपसरवाले शिरूरमध्ये, त्यांना अमोल कोल्हे. दोघेही विरोधी बाकांवर. सत्ताधारी चालत असतील तर मावळचे श्रीरंग बारणे, किंवा राज्यसभेत मेधा कुलकर्णी. कुठल्याही गावाबद्दल कुठलाही खासदार विचारू शकतो.

फक्त मुद्दा केंद्राच्या अखत्यारीतला हवा: रेल्वे, लोहगाव विमानतळ, संरक्षण खात्याची जमीन, पेन्शन. ड्रेनेजचं झाकण तिथे चालत नाही. प्रश्न दीडशे शब्दांत बसवा, ‘किती’, ‘केव्हापासून’ आणि ‘का’ वेगवेगळं विचारा, मत घालू नका. खासदाराला प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि पुढे सोडत असते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात खासदाराच्या कार्यालयात पत्र पोचतं करा. पोच घ्यायला विसरू नका.