मधली दुपार कोणाची?

ऊन कललं की निंबाच्या पारावर बाया जमतात. परवा तिथं वाद रंगला तो उन्हाळ्याच्या सुट्टीवरून. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे लेकरं अजून बरेच दिवस घरीच.

धाकट्या वहिनीनं तोंड फोडलं. "सुट्टी लेकरायची हाये, मायची नाही. सकाळी वावरात जा, बारा वाजता घरी या, अन् आल्याबरोबर पोट्टे अंगावर. यात मजा कोणती व बाई?"

अंगणवाडीताई म्हणाल्या, "मजा दिवस कसा वाटता त्याच्यावर हाये. उन्हानं दिवसाचे तीन वाटे आपल्याले करूनच देल्ले. पहाटपासून साडेनऊ, मंग पाचपर्यंत, अन् पाचपासून झोपेपर्यंत. काम, खेळ, जे काय हुंदडायचं ते पहिल्या अन् तिसऱ्या वाट्यात. मधला वाटा माय अन् लेकरं दोघायच्या आरामाचा. आपण भर दुपारीच सैपाकघर आवरतो, म्हणून चिडतो."

मला हे पटलं. मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर 45 अंशांच्या वर जातात. त्यात 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नवतपाचे 9 दिवस. त्या दुपारी टिनाच्या घरात चूल पेटवली तर कोणाचंही डोकं तापणारच. दुपारचा सैपाक सकाळीच उरकावा; भाजी-वरण मात्र संध्याकाळपर्यंत टिकत नाही, आंबतं, म्हणून रात्रीला पिठलं किंवा ठेचा-भाकर ताजी करावी.

"अन् वाळवण?" मोठ्या काकूंनी विचारलं. "ते पहिल्याच वाट्यातलं काम. लेकरायले त्यात घ्या."

"लेकरं हातभार लावत नाही, पसारा वाढवतात," वहिनी.

"काम वयानं द्या, मंग नाही वाढत." आणि काकूंनी कुरडईच मांडली. 2 किलो गहू 3 दिवस भिजवायचे. पाणी रोज सकाळी बदलायचं, आपल्याकडच्या गरमीत संध्याकाळीही बदललं तर बरं, नाहीतर आंबूस वास चिकात उतरतो तो जात नाही. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, फडक्यानं गाळून चीक रातभर निवळत ठेवायचा. सकाळी वरचं पिवळट पाणी न हलवता ओतून टाकायचं. इथं घाई केली की कुरडई काळपट होते. मोजून एक गंज (पातेलं) चिकाला तेवढंच पाणी उकळायचं, हिंग-मीठ घालायचं. मीठ चवीला जरा कमीच वाटलं पाहिजे, कारण वाळून कुरडई आटते आणि खारटपणा वर येतो. चीक धारेनं सोडायचा, एकानं ओतायचा, दुसऱ्यानं लाकडी दांड्यानं घोटायचा, नाहीतर गाठी होतात. झाकण ठेवून वाफ द्यायची. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक आली की शिजला. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडईचा चुरा होतो, मग तळायला काही उरत नाही.

"यात पाच वर्षाच्यानं गहू निवडावे, पाणी बदलताना मोजावं कितवा दिवस हाये ते. आठ-दहा वर्षाच्यानं बाजेवर साडी अंथरावी, कावळे-बकऱ्या हाकलाव्या, सांजच्याले कुरडया उलटाव्या. बारा वर्षाच्यानं सोऱ्या फिरवावा. पण गंजाजवळ कोणतंच लेकरू नाही. उकळता चीक अंगाले चिकटतो, पान्यासारखा ओघळून जात नाही. जखम खोल होते." वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून प्रत्येकाला द्यायचा, हेही त्यांनी सांगितलं. वर्षातून एकदाच मिळणारा तो खाऊ लेकरं विसरत नाहीत.

आशाताई इतका वेळ गप्प होत्या. त्यांचं म्हणणं, आधी जीव सांभाळा. उन्हातून आलेलं लेकरू सुस्तावलं, ओकलं, तोंड कोरडं पडलं तर ओआरएस. मोठी पुडी 1 लिटर पाण्याची असते. अर्धी पुडी एका ग्लासात कालवणं ही नेहमीची चूक, त्यानं क्षार जास्त होतात. पुडी नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. एकदम ग्लास पाजू नये, चमच्या-चमच्यानं द्यावं. अंग तापून लाल, लेकरू बरळतंय किंवा झटका आला, तर तो उष्माघात. पॅरासिटामॉलनं तो ताप उतरत नाही. सावलीत न्यावं, अंगभर पाणी मारून वारा घालावा, 108 ला फोन करावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

"अन् कूलर," त्या म्हणाल्या. "पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटन बंद करून भागत नाही, पिन काढा. अर्थिंग तपासून घ्या. लेकराले ओल्या पायानं जवळ जाऊ देऊ नका." कूलरसमोर दार-खिडकी किलकिली हवी, सगळं बंद केलं की दमटपणा साचतो आणि अंग चिकचिक करतं. मग मायलेकरं दोघंही झोपत नाहीत. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची, डास होतात.

मोबाइलवर मात्र एकमत झालं नाही. वहिनीचं म्हणणं, दुपारी तेवढाच डोळा लागतो, पाहू द्या. ताई ऐकेनात. त्यांनी अष्टाचंगा सुचवला. फरशीवर खडूनं 5 बाय 5 घरं, चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि मधोमध फुली. चिंचोके फोडून चार डाळी घ्यायच्या, एक बाजू पांढरी, एक काळी. पांढऱ्या पडतील तेवढं दान; चारही पांढऱ्या पडल्या तर 4, चारही काळ्या पडल्या तर 8, आणि या दोन्ही दानांना पुन्हा खेळायचं. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. "दान पाडता-पाडता बेरीज पक्की होते, अन् माय पडल्या-पडल्या खेळू शकते," ताई म्हणाल्या. वहिनीनं मान हलवली, पण अर्धा तास मोबाइल राहीलच म्हणाली. माझ्या मते त्या अर्ध्या तासावर भांडू नये. वावरातून आलेल्या बाईला डोळा लागलाच पाहिजे.

पाचनंतरचं काकूंनी एका वाक्यात उरकलं: अंगण शिंपा, बाजा बाहेर काढा, पन्हं द्या. पन्ह्यात गूळ गर कोमट असतानाच घालावा. गर निवला की गूळ लवकर विरघळत नाही, खडे राहतात.

"पोहायले नेतो म्हणतात पोट्टे," वहिनी हळूच म्हणाली.

आशाताईंचा आवाज चढला. "शेततळ्यात नाही, अजिबात नाही!" 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल, आणि उतारावर प्लास्टिकचं अस्तर. पाण्यानं ते बुळबुळीत होतं. पोहता येणाऱ्यालाही पाय टेकवून वर चढता येत नाही. ज्यांचं तळं आहे त्यांनी चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडावेत, टायरची ट्यूब काठावर ठेवावी, कुंपण लावावं. लेकरांना पाण्यात खेळायचंच असेल तर घरच्या टाक्याजवळ, घमेल्यानं, मोठं माणूस समोर असताना.

वहिनी उठता-उठता काकूंना विचारू लागली, "गहू 2 किलोच घेऊ ना?"

"2 किलोच. अन् आज रात्रीच भिजव, म्हणजे चौथ्या दिवशी रविवार येते. तुलेही वावरात जायचं नसते."