काखेत एक मिळवायचा

आमच्या घरात ताप एकाला येतो, पण मोजायला सगळे बसतात. ज्याला आलाय तो पांघरुणात कण्हत असतो आणि त्याच्या अंगात नेमका किती आहे यावरून बाहेर सासू-सुनेची जुंपलेली असते. ऑगस्टात ठाण्याचा पाऊस उघडझाप करायला लागला की शाळेतून व्हायरल घरी येतो, आणि त्याच्या पाठोपाठ हा वाद. यंदा वादाला नवं तोंड फुटलं, कारण पाऱ्याचा थर्मामीटर फुटला.

तो आईचा होता. म्हणजे विकत बाबांनी आणलेला, पण हुकूम आईचा. पाऱ्याच्या फुग्याच्या जरा वर नळी अगदी चिंचोळी केलेली असते, त्यामुळे चढलेला पारा आपण होऊन खाली येत नाही, झटकून उतरवावा लागतो. हे शास्त्र आईने कधी वाचलं नव्हतं, पण झटका मात्र तिच्या हातात बसलेला होता. पदर खोचायचा, दोन पावलं मागे सरायचं आणि मनगटातून असा काही हिसका द्यायचा की शेजारच्याने आपला चष्मा सांभाळावा. मग मोजून झालं की थर्मामीटर घेऊन खिडकीशी जायचं, नळी बोटांत फिरवत राहायचं आणि म्हणायचं, "शंभरला दोन रेघा कमी." ती पाऱ्याची चंदेरी रेघ आम्हाला कुणाला कधी दिसली नाही. मला काच दिसायची, बायकोला ९८.४ वरची लाल खूण दिसायची, पारा फक्त आईला दिसायचा. घरात ताप जाहीर करण्याचा अधिकार तिच्याकडे होता तो असा.

यंदा झटकताना थर्मामीटर कपाटाच्या मुठीवर बसला. लहानपणी असा पारा सांडला की आम्ही भावंडं तो तळहातावर घेऊन पळवायचो. आता बायकोने पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या, केरसुणीला हात लावू दिला नाही आणि लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याने एकेक गोळी हाकलत झाकणाच्या बरणीत भरली. आई पलंगावर बसून हे बघत होती. शेवटी म्हणाली, "तसलाच दुसरा आण."

तसला आता आमच्या नाक्यावरचा मेडिकलवाला ठेवत नाही. जपानातल्या मिनामाता गावी पाऱ्याच्या विषाने माणसं लुळी पडली, दगावली. त्या गावाच्या नावाने २०१३ साली देशादेशांत करार झाला आणि पाऱ्याचे थर्मामीटर बनवणं २०२० पर्यंत थांबवायचं ठरलं. मी हे सगळं आईला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "जपानातलं जपानात. आपल्याकडे कोण लुळं पडलं?"

मेडिकलमध्ये संध्याकाळी सातला जायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी ताप नेहमी संध्याकाळीच चढतो.

"डिजिटल थर्मामीटर दाखवा."

"साधा, वाकडा की गन?"

"वाकडा म्हणजे?"

"टोक वाकतं साहेब. लहान मुलांना टोचत नाही."

त्याने काउंटरवर खोकी मांडली. एकावर दहा सेकंद लिहिलेलं, एकावर तीस, एकावर साठ. सगळ्यांवर चूक फार तर ०.१ अंश सेल्सिअस. मी विचारलं, मग दहावाला आणि साठवाला यांत फरक काय? "पन्नास सेकंदांचा," तो म्हणाला आणि मागच्या बाईला खोकल्याचं औषध द्यायला वळला. त्या बाईंनी जाता जाता मला सांगितलं की सेकंदांचं काही खरं नसतं, आपण मनात रामरक्षेचे पाच श्लोक म्हणायचे आणि मग काढायचा. रांगेतल्या एका काकांचं मत पडलं की घ्यायची तर गनच, कारण तिच्याने रोग्याला शिवावं लागत नाही. काकांच्या हातात त्यांच्या नातीचा हात होता आणि ती त्यांच्याच शर्टाला नाक पुसत होती.

गनबद्दल माझं मत २०२० सालीच पक्कं झालेलं आहे. तेव्हा आमच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन ती घेऊन उभा असायचा. कपाळावर नेम धरणं त्याला उद्धटपणाचं वाटे, म्हणून तो मनगटावर धरायचा आणि वहीत लिहायचा: ९३. ९२. ९३.५. त्या वहीवर विश्वास ठेवला तर आमची अख्खी सोसायटी गारठून बेशुद्ध पडायच्या बेतात होती. त्यात गनची चूक नाही. ती कातडीतून निघणारी उष्णता दुरून वाचते. कपाळाला घाम असला, वर पंखा गरगरत असला, माणूस नुकता उन्हातून आलेला असला किंवा हात चार बोटांऐवजी हातभर लांब राहिला, की ती जे दिसेल ते सांगते. शेजारच्यांनी त्यांची गन मागे एकदा आम्हाला वापरायला दिली होती. चिरंजीवांनी तिच्यावर वस्तूचं तापमान मोजायचं बटण शोधून काढलं आणि दिवसभर वरण, तवा, गीझर आणि आजोबांचा फोटो यांचा ताप काढला. परत देताना ते बटण तसंच राहिलं. पुढचा आठवडाभर शेजारच्या काकू आपल्याला अशक्तपणा आलाय म्हणून खजूर खात होत्या.

कानात घालायचाही एक प्रकार असतो. त्याची किंमत ऐकली आणि आमच्या घरातल्या कानांची अवस्था आठवली, तो विषय तिथेच संपला. शेवटी वाकड्या टोकाचा, दोनशेच्या आतला घेतला. माझं स्पष्ट मत आहे की घरात तापासाठी याहून जास्त काही लागत नाही. टोकाशी एक इवलासा थर्मिस्टर असतो, गरम झाला की त्याचा विद्युतरोध बदलतो, आतली चिप त्याचा आकडा करते, आणि आकडा चढायचा थांबला की पीं पीं करते. बिघडण्यासारखं त्यात फारसं नाही.

बिघडण्यासारखं सगळं घरात होतं.

घरी आणल्यावर पहिला आकडा आला तो मुळी आकडाच नव्हता. बटण दाबलं, सगळे आठ चमकले आणि पाठोपाठ 'लो' अशी अक्षरं लुकलुकायला लागली. अजून तापमान मोजपट्टीच्या खाली आहे, लावा, एवढाच त्याचा अर्थ. आई चष्मा लावून म्हणाली, "पोराचं बीपी लो दाखवतंय," आणि मिठाचं सरबत करायला उठली.

मग लावायचा कुठे? बायको म्हणाली जिभेखाली. पण चिरंजीवांनी नुकताच आल्याचा चहा घेतलेला. गरम काही प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं, नाहीतर चहाचा ताप मोजला जातो. म्हणून काख. काखेत लावला, हात घट्ट दाबून धरायला सांगितला, वर शाल, वर गोधडी, आणि आम्ही सगळे पीं ऐकायला बसलो. बाहेर पाऊस, वर पंखा, हॉलमध्ये टीव्ही, आणि त्या थर्मामीटरचा आवाज गोधडीतल्या डासाएवढा. "वाजला का?" "नाही वाजला." "अहो, वाजला बहुतेक." "शेजारचा मोबाईल होता तो." टीव्ही बंद केला, पंखा बंद केला. पाऊस बंद करता येईना. बऱ्याच वेळाने चिरंजीव म्हणाले, "मघाशीच वाजला, मला वाटलं तुम्ही ऐकलं."

आकडा होता १००.३.

"म्हणजे एकशे एक पॉइंट तीन," आई म्हणाली. काखेत एक मिळवायचा, हा आमच्या घराण्याचा नियम आहे. बायकोच्या माहेरी अर्धा मिळवतात. दोघींपैकी कुणीच चूक नाही, कारण काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक फॅरनहाइटने कमी भरतो. पण म्हणून एका पोराला एकाच वेळी दोन ताप कसे असतील? आमच्या डॉक्टरांनी मागे बजावलं होतं की मिळवू नका, वजा करू नका, जो दिसेल तो सांगा आणि कुठे लावला ते सांगा, बाकी मी बघतो. पण जे दिसतं तेच सांगायचं तर घरात मोठ्या माणसांनी करायचं काय?

तेवढ्यात ताईचा फोन. ती जर्मनीत श्टुटगार्टला असते आणि नेमका तिचाही मुलगा तापाने पडलेला. "साडेअडतीस आहे गं आई," ती म्हणाली. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "साडेअडतीस? अगं अंग गार पडलंय पोराचं! तळपायाला सुंठ चोळ आधी!" तिचे अंश सेल्सिअसचे. मी कागद घेतला. नवाने गुणलं, पाचाने भागलं, बत्तीस मिळवले. १०१.३. म्हणजे आईच्या हिशेबाने दोन्ही नातवांना समुद्रापलीकडून एकच ताप. हे ऐकून तिला का कोण जाणे बरं वाटलं.

ताईने जाता जाता सांगितलं की तिकडे लहान मुलांचा ताप सर्रास खालून मोजतात, आकडा अचूक येतो. स्पीकर चालू होता. चिरंजीवांनी गोधडीतून न बोलता काख वर केली.

या बाबतीत जर्मनांचा शब्द तसा मोठा आहे. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांनी हजारो रुग्णांचे ताप मोजून १८६८ साली ग्रंथ छापला, आणि निरोगी माणसाचे ते ३७ अंश तिथून जगभर गेले. त्यांनीही काखेतच मोजले, ही गोष्ट मी आईला आवर्जून सांगितली. त्यांचा थर्मामीटर फूटभर लांब असे आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच धरून ठेवावा लागे. "एक मिळवायचे का ते?" आईने विचारलं. मिळवत नसत बहुतेक. "मग कसले डॉक्टर," ती म्हणाली आणि पेज ढवळायला गेली.

ताप दोन दिवसांत उतरला. थर्मामीटर मात्र चिरंजीवांच्या उशाशीच राहिला आणि तिथे त्यांनी त्याचं माहितीपत्रक वाचलं. घरात ते वाचणारा तो एकटाच. सोमवारी सकाळी, गणिताची चाचणी असताना, त्यांनी अंथरुणातूनच हाक मारली आणि थर्मामीटर बायकोसमोर धरला. १०१.३. बायकोने डोळे बारीक केले. हाच पॉइंट तीन तिने तापाच्या रात्री तिघांच्या तोंडून ऐकला होता, पण तो हिशेबातला, आणि हा तर यंत्रावर उमटलेला. बघता बघता आकडा गेला आणि 'लो' लुकलुकायला लागला.

म्हणजे ही मागची नोंद होती. चालू केल्यावर मशीन आधी शेवटचा ताप क्षणभर दाखवतं. पण शेवटचा ताप एकशे एक पॉइंट तीन आला कुठून? पहाटे गीझरच्या पाण्याचा मग आणि त्यात टोक बुडवून धीराने केलेली मिळवणी, असा तपास पुढे लागला. आधीच नोंद करून ठेवायची आणि सकाळी फक्त बटण दाबायचं. बायकोने टोक पुसून काखेत लावला. ९७.६.

"उतरला!" चिरंजीव म्हणाले. "घाम आला ना आत्ता."

आई दारात उभी होती. थर्मामीटरकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "तुझा बाप काखेत कांदा धरून झोपायचा शाळेच्या दिवशी," ती म्हणाली. "वासावरून कळायचं. यंत्र नव्हतं लागत."

पोरगा ताडकन उठून बसला. "कुठला कांदा आजी? लाल की पांढरा?"

त्याला शाळेच्या बसमध्ये बसवून मी वर आलो, तोवर बायकोने कांद्याची टोपली माळ्यावर टाकली होती.